आजीच्या झांजा

श्रोतेहो, एखाद्या घरात सण केव्हा सुरू झाला हे विचारायचे असेल, तर घरातल्या कर्त्या माणसाला विचारू नये. लहान मुलाला विचारावे. कर्ता माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून तारीख सांगेल. मूल सांगेल, "आईनं फराळाचे डबे खाली काढले ना, त्या दिवशी!" आणि खरे सांगायचे तर मुलाचेच उत्तर बरोबर असते.

आमच्या घरी नाताळ सुरू व्हायचा तो झांजांपासून. नगर जिल्ह्यातले एक लहानसे गाव, त्यात दहाबारा ख्रिस्ती घरे. डिसेंबर लागला, शेतात ज्वारी निसवायला लागली, की आजी फडताळातून पितळी झांजांची जोडी काढायची आणि चिंचेचा कोळ नि चुलीतली राख माझ्यापुढे ठेवून म्हणायची, "घास रे बाबा, तोंड दिसलं पाहिजे." नाताळच्या आदल्या रात्री प्रार्थना आटोपली, की सारी मंडळी गॅसबत्ती घेऊन निघत. पुढे ढोलकी, तिच्यामागे झांजा, आणि त्यांच्यामागे बायामाणसे व घोंगड्या पांघरलेली आम्ही पोरे. एकेका दारात थांबून ख्रिस्तजन्माची पदे म्हणायची, चहा घ्यायचा आणि पुढे जायचे. शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत कोंबडे आरवलेले असायचे. झांज माझ्या हातात असे. ठोका कुठे द्यायचा आणि कुठे थांबायचे, हे आजी मला नुसत्या डोळ्यांनी सांगायची.

आजी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. गेल्या नाताळात माझी मुलगी म्हणाली, "बाबा, पणजीचं ते पद मला शिकवा ना." मी हौसेने पदांचे जुने पुस्तक काढले. ध्रुपद म्हटले, ते छान जमले. पुढचे कडवे वाचले. शब्द तर डोळ्यांसमोर छापलेले होते. पण चाल काही केल्या ओठांवर येईना. आपल्या जुन्या पदसंग्रहांत पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक पदाप्रमाणे' असे लिहिलेले असते. तसे येथेही होते. पण ते 'अमुक पद' आज येते कोणाला? गावी गेलो, चारदोन म्हाताऱ्या माणसांना विचारले. ध्रुपद सर्वांना येत होते. अंतरा एकालाही येत नव्हता.

इतिहास शिकवून पोट भरणारा माणूस मी. चारशे वर्षांपूर्वीच्या कागदांबद्दल वर्गात तासन्‌तास बोलतो. आणि माझ्याच घरातली, माझ्या कानांवरून शेकडो वेळा गेलेली एक चाल माझ्या देखत नाहीशी झाली! तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. सण एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो, तो नेमका कशाने? आज आपण या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील आणि गोव्यातील नाताळच्या इतिहासात शोधू या.

प्रथम नावच घ्या. 'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'जन्माचा', म्हणजे जन्मदिवस. येशूच्या जन्माची तारीख बायबलात कोठेही दिलेली नाही. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये पाळला जात असल्याची जुनी नोंद मिळते ती इ. स. ३३६ ची. आज घराघरांत जो गोठा मांडतात, त्याची प्रथा संत फ्रान्सिसने लोकप्रिय केली. त्याने १२२३ साली इटलीतील ग्रेचो या गावी खरा बैल आणि खरे गाढव उभे करून गावकऱ्यांना तो देखावा दाखविला. नाताळचे झाड मूळचे जर्मनांचे. इंग्लंडात ते घरोघर पोहोचले, ते १८४८ साली राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र एका साप्ताहिकात छापून आल्यानंतर. शुभेच्छापत्रे तर १८४३ सालची.

हे सांगण्याचे कारण असे, की जी रीत आपण अनादि म्हणून समजतो, तिच्यात प्रत्येक काळाने आणि प्रत्येक देशाने आपली भर घातलेली असते. मग आपल्या मुलखाने कोणती भर घातली?

त्यासाठी आधी गोव्याला जावे लागेल. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी टॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट पाद्री गोव्याला उतरला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो तेथेच राहिला. साष्टीच्या लोकांत वावरून त्याने येथल्या भाषा शिकून घेतल्या. आपण त्याला फादर स्टीफन्स म्हणून ओळखतो ते त्याच्या 'ख्रिस्तपुराणा'मुळे. हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत, आणि भाषा आहे मराठी.

हे पुराण लिहावेसे का वाटले, याची हकीकत त्याने ग्रंथाच्या आरंभीच दिली आहे. ती शिक्षकबंधूंनी मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. त्या काळी नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुनी पुराणे वाचण्याची बंदी झाली होती. रविवारी धर्मशिक्षणाचा पाठ होई. प्रश्न विचारले जात, उत्तरे पाठ करून घेतली जात. अशा एका प्रसंगी एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थाने पाद्रीबाबांना विचारले, की आमची पूर्वीची पुराणे तर गेली, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत वाचून मन रमवावे असे दुसरे काही आपण का देत नाही? पाहा, त्या माणसाला शिकवण मिळत होती, पाठांतर होत होते; उणीव होती ती चार माणसांनी एकत्र बसून ऐकण्याच्या, गाण्याच्या गोष्टीची. स्टीफन्सने ती मागणी ओळखली आणि बेथलेहेमची कथा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत बसविली.

पुढे काय झाले ते याहून विलक्षण आहे. १६१६ नंतर या ग्रंथाच्या १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर वारा फिरला. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. छापलेल्या त्या तीनही आवृत्त्यांची एकसुद्धा प्रत आज उपलब्ध नाही. छापखान्याचे सगळे काम बुडाले! आणि तरीही 'ख्रिस्तपुराण' आपल्या हाती आले. ते कसे? गोव्यातून दक्षिणेकडे मंगळूर भागात जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने नकला करून ते जपले. बापाने मुलाला दिले, मुलाने नातवाला दिले, आणि घरात बसून ते वाचले, गाइले. त्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालदाना यांनी ते पुन्हा छापले. देवनागरीत ते १९५६ साली पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी प्रसिद्ध केले. म्हणजे छापील प्रत गेली आणि घरची वही टिकली. का टिकली? तर तिचे घरात काही काम होते. ती कपाटात ठेवायची वस्तू नव्हती, गायची होती.

आता गोव्याहून उत्तरेला वसईकडे वळू. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशे पाच वर्षे तेथे पोर्तुगीज सत्ता होती. किल्ल्यातले पोर्तुगीज साहेब गेले. पण केळीच्या बागा पिकविणारा, पानवेली लावणारा, मासेमारी करणारा ख्रिस्ती माणूस तेथेच राहिला. त्याच्या पाठीशी आता राजसत्ता नव्हती. चर्चमधली उपासना लॅटिन भाषेत, तिचा अर्थ फार थोड्यांना कळे. उपासना लोकभाषेत व्हावी ही मोकळीक रोमच्या धर्मपरिषदेने दिली ती १९६३ साली. मग मधल्या सव्वादोनशे वर्षांत सण कोणी सांभाळला? माझे उत्तर असे, की स्वयंपाकघराने, अंगणाने आणि घरच्या बोलीने. सामवेदी आणि वाडवळी या आपल्या बोली त्या लोकांनी सोडल्या नाहीत.

या साऱ्या किनाऱ्यावर, गोव्यापासून मुंबईपर्यंत, मुलांकडे नाताळचे एक ठरलेले काम असे आणि पुष्कळ घरांत ते आजही आहे. नाताळला दहाबारा दिवस असले, की मुलांनी ताटलीत किंवा नारळाच्या करवंटीत माती घ्यायची आणि तीत नाचणी किंवा भात पेरायचे. रोज पाणी शिंपडायचे. नाताळपर्यंत बोटभर हिरवे कोंब वर येतात. ते गोठ्याभोवती मांडले, की बेथलेहेमच्या मेंढरांना चरायला कुरण तयार! आपल्याकडे नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतात, त्याची आठवण कोणालाही होईल. संत फ्रान्सिसच्या इटालियन गोठ्यात कोकणातल्या मुलाने आपल्या शेतातली नाचणी आणून लावली! ते मूल पहाटे उठून आधी पाहते, की कोंब आला का? त्याला सणाचा अर्थ कोणी समजावून सांगितलेला नसतो. पण सण येतो आहे हे त्याला त्या करवंटीत दिसत असते.

तीच गोष्ट ताटाची. गोव्यात नाताळच्या ताटात जी 'नेवरी' असते, ती म्हणजे आपली करंजी. तिच्याशेजारी नारळाच्या रसात शिजविलेले दोदोल, कुलकुले असतात. हे ताट शेजारी जाते, मग शेजारी हिंदू असो की कोणी असो. आणि चवथीला, दिवाळीला शेजाऱ्याचे ताट इकडे येते.

किनाऱ्यावरचा नाताळ असा टिकला. पण घाटावरच्या, आमच्या नगरकडच्या नाताळची गोष्ट अगदी वेगळी आहे. किंबहुना ती उलटीच आहे म्हणा ना.

नगर भागात ख्रिस्ती धर्म आणला तो अमेरिकन मराठी मिशनने. या मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे घातले. १८४२ साली येथूनच 'ज्ञानोदय' हे पत्र निघाले, आणि पुढे मिशनने मुलांसाठी 'बालबोधमेवा' हे मासिकही काढले. आता हे मिशनरी आले कोठून? त्यांचे मूळ पीठ अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात होते, आणि तेथे प्युरिटन लोकांची परंपरा खोल रुजलेली होती. या प्युरिटनांना नाताळ मुळीच मान्य नव्हता! बायबलात तारीख नाही, मग सण कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल. १६५९ साली तर त्यांनी नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला होता. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला खरा. पण नाताळला तेथे सरकारी सुट्टी मिळायला १८५६ साल उजाडावे लागले. म्हणजे आमच्या भागात पहिली शाळा, पहिले चर्च ज्यांनी उभारले, त्यांच्या स्वतःच्या घरच्या वारशात नाताळचा थाट असा फारसा नव्हताच.

मग आमच्या गावच्या ढोलकी-झांजा आल्या कोठून? त्या आमच्याच होत्या, दुसरीकडून आणाव्या लागल्या नाहीत. गावात भजन होते, कीर्तन होते, रात्रभर जागण्याची सवय होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या नगरकडच्या मंडळींनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केले, आणि पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्या ओढ्याची नदी केली.

नारायण वामन टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले आणि १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. साहेबी सुरावर ओढूनताणून बसविलेली भाषांतरित गीते आपल्या माणसाच्या गळ्यात बसत नाहीत, हे त्यांनी जाणले आणि अभंग, ओवी, पद यांत ख्रिस्ताला गाइले. १९०९ साली त्यांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले. १९१९ साली ते वारले तेव्हा काव्य अपुरेच होते. दहाएक अध्याय झाले होते. ते पुढे नेले कोणी? लक्ष्मीबाईंनी! लग्न झाले तेव्हा ज्यांना लिहितावाचता येत नव्हते, ज्यांनी नवऱ्याच्या धर्मांतरानंतर पाच वर्षे आपला धर्म सोडला नाही आणि १९०० साली स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या, त्या लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्यायांची भर घालून ते काव्य पुरे केले. ते १९३८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले.

लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आपणांपैकी पुष्कळांनी वाचली असतील. शिक्षकांनी तर वाचलीच पाहिजेत. पण हे पुस्तक जन्मले कसे, हे ठाऊक आहे का? मुलगा देवदत्त याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्याने आईला आठवणी सांगायला लावल्या. त्यातून १९३४ पासून 'स्मृतिचित्रे'चे भाग निघू लागले. मराठीतले एक सर्वश्रेष्ठ आत्मचरित्र आपल्याला मिळाले, ते मुलाने वेळेवर विचारले आणि आईने सांगितले म्हणून. देवदत्तांनी ते काम दहा वर्षे पुढे ढकलले असते तर? लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या. हिशेब तुम्हीच करा.

मी मात्र विचारले नाही. आजी होती तेव्हा मला वाटे, पद पुस्तकात आहेच, कुठे पळून जाते? माझी चूक येथे झाली. पुस्तक शब्द सांभाळते. चाल सांभाळते ते माणूस. करंजीची कृती लिहून ठेवता येते. पण सारण भरून कड कशी मुरडायची हे आईच्या बोटांकडे पाहिल्याशिवाय येत नाही. आणि आमच्या घरी आणखी एक गोष्ट घडली. मी शिकलो, शहरात आलो, आणि मुलीला मी सणात काय दिले? नवे कपडे दिले, विजेची चांदणी आणून दिली, केक आणला. सगळे दिले, काम तेवढे दिले नाही. झांजा मी कोणाच्याही हाती दिल्या नाहीत. त्या माळ्यावर एका पिशवीत पडून होत्या.

मंडळी, हे काही एकट्या ख्रिस्ती घरांचे रडगाणे नव्हे. तुमच्या घरी भोंडल्याची गाणी कोणाला येतात? बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपा-हळदीने शेकायचे, ते का आणि कसे, हे शाळेत जाणाऱ्या पोराला ठाऊक आहे का? ईदच्या शिरखुर्म्यात खजूर आधी घालायचा की मागाहून, हे विचारायला घरात आता कोणी आहे का? ज्या घरी म्हातारे माणूस हयात आहे, त्या घराचे दप्तर अजून उघडे आहे असे समजा. ते मिटले, की मग माझ्यासारख्या इतिहासाच्या प्राध्यापकाचाही इलाज चालत नाही.

शिक्षकबंधू आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. सणाच्या आधी आपण मुलांकडून निबंध लिहून घेतो : 'माझा आवडता सण'. सगळे निबंध एकाच पुस्तकातून उतरलेले असतात. त्याऐवजी मुलाला एवढेच विचारा : तुझ्या घरच्या सणात तुझे काम कोणते? ते तुला कोणी शिकवले? त्यांना कोणी शिकवले? तिसऱ्या प्रश्नापाशी मूल अडेल आणि घरी जाऊन आजीला विचारील. तेवढे झाले तरी पुष्कळ झाले. गाणे असेल तर नुसते शब्द उतरवून आणायला सांगू नका; ते वर्गात म्हणून दाखवायला सांगा. आता तर खिशातल्या फोनवर आवाज साठविता येतो. म्हाताऱ्या माणसाचा आवाज जरूर साठवून ठेवा. पण साठविला म्हणजे शिकलो असे समजू नका. 'ख्रिस्तपुराणा'च्या छापील प्रतींचे काय झाले ते आठवा.

आणि आईबापांना सांगायचे ते असे. मुलाच्या हातून काम वाकडेतिकडे होईल, करंजी फुटेल, चांदणीच्या कामट्या मोडतील, नाचणीला पाणी जास्त होऊन ती कुजेल. होऊ द्या. मीही पहिल्या वर्षी झांजा इतक्या वाईट घासल्या होत्या, की आजीने त्या रात्री पुन्हा घासल्या. पण सकाळी उठून ती चारचौघांत म्हणाली, "झांजा आमच्या बाळ्यानं घासल्यात." त्या एका वाक्यावर मी पुढची दहा वर्षे झांजा घासल्या.

आमच्या त्या पदाचा अंतरा आता परत येईल असे मला वाटत नाही. आजीच्या पिढीतले शेवटचे माणूसही गेले. मी मुलीला तसे सरळ सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मग आपण ध्रुपदच दोनदा म्हणू." तसे आम्ही म्हणतो. झांजा माळ्यावरून खाली आल्या आहेत. चुलीतली राख आता घरात मिळत नाही, म्हणून नुसत्या चिंचेवर भागवावे लागते; पण तोंड दिसते. त्या रात्री शेजारच्या काकूंकडे करंज्यांचे ताट घेऊन तीच गेली. दिवाळीत त्यांच्याकडून आलेले ताट आमच्याकडेच राहिले होते, तेच भरून नेले. रिकामे ताट परत करायचे नाही, हे तिला कोणी शिकवले, हे मी विचारले नाही. तिने तिच्या आईला तसे करताना पाहिले असेल.

आपल्या घरी कोणी जाणते माणूस असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ जरा बसा, आणि मुलांनाही बसवा.